'इतरां'चा संघ : विरंगुळा, वंश आणि आपलेपण

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. पुस्तक क्रिकेटवरचं आहे आणि मी आयुष्यभर शिकवलं तत्त्वज्ञान, तेव्हा आधीच खुलासा करतो. मला क्रिकेट कधी आलं नाही. गल्लीत मला कायम गटाराच्या बाजूला उभं करत, चेंडू काढायला. (हशा) पण सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या लेखकाचं 'बियाँड अ बाउंड्री' हे १९६३ सालचं पुस्तक मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा भारावून गेलो. तिसऱ्यांदा वाचताना त्याच्याशी भांडण झालं. ते भांडण आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा आहे. कचेरीत शेजारच्या टेबलावर कोण बसणार हे आपण ठरवत नाही. रेल्वेच्या डब्यात कोण चढणार हेही ठरवत नाही. पण संध्याकाळी कुणाबरोबर बसायचं, रविवारी कुणाकडे जायचं, कुणाबरोबर खेळायचं, हे आपण स्वतः ठरवतो. निदान आपल्याला तसं वाटतं. म्हणून एखाद्या समाजात कोण कुणाला आपलं मानतं हे पाहायचं असेल तर नुसती कचेरी पाहून भागत नाही. कचेरी सुटल्यावर माणसं कुठे जातात, ते पाहावं लागतं. अ‍ॅरिस्टॉटलनं 'निकोमाखियन एथिक्स'च्या शेवटच्या भागात म्हटलं आहे की आपण काम करतो ते निवांतपणा मिळावा म्हणून. त्यासाठी त्याचा शब्द आहे 'स्खोले', आणि आपल्या तोंडी असलेला 'स्कूल' त्यातूनच आला. आता अ‍ॅरिस्टॉटलच्या निवांतपणामागे गुलामांचे कष्ट होते, हे त्यानं जवळजवळ गृहीतच धरलं. आपल्या मराठीत 'फावला वेळ' म्हणतात. शब्द मोठा प्रामाणिक आहे. कुणाला फावतं, कुणाला फावत नाही, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे.

आता जेम्सकडे येऊ. जन्म १९०१. त्रिनिदाद म्हणजे वेस्ट इंडिजमधलं एक बेट, त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यातलं. वडील शिक्षक. मुलगा हुशार, शिष्यवृत्तीवर क्वीन्स रॉयल कॉलेज या नामांकित शाळेत गेला. इंग्रजी कादंबऱ्या आणि क्रिकेट, दोन्ही त्याच्या अंगात भिनलं. पुढे हाच माणूस हैतीच्या गुलामांच्या क्रांतीवर 'द ब्लॅक जॅकोबिन्स' हा ग्रंथ लिहितो, १९३८ साली. मार्क्सवादी, साम्राज्यविरोधी, आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचा खंदा कैवारी. असा माणूस क्रिकेटवर पुस्तक लिहितो तेव्हा ते धावांच्या तक्त्यांचं पुस्तक नसणार, हे उघड आहे.

या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग शाळा सुटल्यानंतरचा. जेम्सला आता एखाद्या क्लबात जायचं आहे. तर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पहिल्या दर्जाचं क्रिकेट खेळणारे क्लब कोणते होते? वरच्या टोकाला क्वीन्स पार्क : गोऱ्यांचा, धनिकांचा, मोठं मैदान त्यांच्याच मालकीचं. दुसरा शॅमरॉक : जुन्या फ्रेंच कॅथलिक घराण्यांचा, तोही जवळपास गोराच. एक पोलिसांचा : खेळाडू काळे आणि कर्णधार गोरा अधिकारी. अगदी खालच्या टोकाला स्टिंगो : खाटीक, शिंपी, हातावर पोट असलेली माणसं, रंगानं सर्वांत काळी. आणि मध्ये दोन. एक मेपल, म्हणजे उजळ रंगाच्या, गव्हाळ मध्यमवर्गाचा. दुसरा शॅनन, काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा : शिक्षक, वकिलाचा कारकून, छापखान्यातला माणूस. लिअरी कॉन्स्टन्टाइन आणि विल्टन सेंट हिल हे दोन थोर खेळाडू या शॅननचे.

त्वचेच्या छटेनुसार लावलेली ही उतरंड. आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही, नाही का? आपण त्या शास्त्रात पारंगत आहोत.

पहिले दोन क्लब जेम्सला घेणारच नव्हते. स्टिंगोत जायचा विचार त्याच्या मनात येणं कठीण, कारण तो शिकलेला. उरले मेपल आणि शॅनन. जेम्स रंगानं काळा होता, त्याची नैसर्गिक जागा शॅननमध्ये होती. पण मेपलनं त्याच्या शिक्षणाकडे, नावाकडे पाहून रंगाकडे काणाडोळा करायची तयारी दाखवली, आणि तो मेपलमध्ये गेला. चाळीसेक वर्षांनी तो लिहितो की या एका निवडीमुळे आपल्याच सामान्य लोकांपासून मी तुटलो आणि माझी राजकीय वाढ कित्येक वर्षं खोळंबली. कबुलीजबाब आहे हा, आणि मला तो फार भिडतो. रशियन क्रांतीबद्दल मत बदललं, अमुक ग्रंथ वाचून दृष्टी आली, असं विचारवंत सांगत असतात. रविवारी मी चुकीच्या क्लबात खेळलो आणि त्यामुळे माझं डोकं वेगळ्या दिशेला गेलं, असं सांगणारा विचारवंत मला दुसरा आठवत नाही.

लक्षात घ्या, त्याला मेपलमध्ये जायला कुणी भाग पाडलं नव्हतं. कुणी त्याला शॅननमधून हाकललंही नव्हतं. एक गोड आमंत्रण होतं, एवढंच. ओळख माणसाला अडवते त्यापेक्षा जास्त वेळा ती त्याला बोलावते.

आता भांडणाकडे येतो. जेम्सचं म्हणणं थोडक्यात असं : आमच्या समाजात रंगाचे आणि वर्गाचे ताण इतके तीव्र होते, की क्रिकेटच्या मैदानावर ते रक्त न सांडता लढता येत होते. पंच निःपक्षपाती, नियम सर्वांना सारखे. क्वीन्स पार्क विरुद्ध शॅनन हा सामना म्हणजे त्या समाजाचं नाटकच. हरलो तर फार तर मान खाली जायची. शॅननची मंडळी जी ईर्ष्येनं खेळत, त्यात एक संबंध समाज उभा असे. हे सगळं तो इतक्या ताकदीनं लिहितो की आपण मान डोलावतो. पण मला विचारायचं आहे : सामना संपल्यावर काय? सहा वाजता पंच बेल्स उचलतात. मग कोण कुठे जातं? मैदान सामाईक होतं, मान्य. तंबू सामाईक होता का?

मैदान आणि तंबू यांतला हा फरक जेम्सला माहीत नव्हता असं नाही. संघनिवडीतला अन्याय तो पोटतिडकीनं सांगतो. सेंट हिलला १९२३च्या इंग्लंड दौऱ्यातून वगळलं, याची जखम तो आयुष्यभर विसरला नाही. पुढे संपादक म्हणून त्यानं मोहीम उघडली की वेस्ट इंडिजचं कर्णधारपद फ्रँक वॉरेलला द्या. १९६०-६१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात वॉरेल कर्णधार झाला, एका संपूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. मोठं काम झालं हे. पण हा सगळा लढा मैदानावरच्या जागेसाठी होता. तंबूतल्या जागेचं काय, याचं उत्तर त्याच्या पुस्तकात मला हवं तसं मिळत नाही.

ते उत्तर शोधायला मी मुंबईत येतो. कारण अगदी हाच प्रयोग, अगदी त्याच खेळावर, आपल्याकडे झालेला आहे.

तुमच्यापैकी जे मरीन ड्राइव्हवरून जातात त्यांनी पाहिलं असेल : समुद्राकडे तोंड करून जिमखाने ओळीनं उभे. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. हे असे का? सुरुवात पारशांनी केली. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८चा. ते ज्या मोकळ्या मैदानावर खेळत तिथेच गोरे लोक घोड्यावर बसून पोलो खेळत आणि टापांनी जमीन उखडत. पारशांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. या झगड्यावर शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थांनी १८९७ साली पुस्तकच लिहिलं. बाँबे जिमखाना १८७५चा, फक्त गोऱ्यांसाठी. शेवटी सरकारनं एतद्देशीयांना समुद्राकाठी जागा दिल्या, पण कशा? धर्मवार. पारशांचा जिमखाना १८८५चा, मुसलमानांचा १८९२चा, हिंदूंचा १८९४चा. मग सामने सुरू झाले. १९०७ला तिरंगी : गोरे, पारशी, हिंदू. १९१२पासून मुसलमानांसह चौरंगी. आणि १९३७ला पंचरंगी.

पाचवा संघ कुणाचा? ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, जे कशातच बसत नव्हते ते सगळे. संघाचं नाव 'द रेस्ट'. म्हणजे 'इतर', 'उरलेले'.

मी या नावापाशी जरा थांबतो. आपण सरकारी अर्ज भरतो तेव्हा शेवटी एक चौकोन असतो, 'इतर'. त्या चौकोनात खूण करणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार आपल्यातल्या फार थोड्यांनी केला असेल, कारण आपलं नाव वरच्याच चौकोनात असतं. विजय हजारे सांगलीचे. मराठी माणूस, धर्मानं ख्रिस्ती. ते 'इतर' संघातून खेळत. १९४३च्या हंगामातला अंतिम सामना, हिंदू विरुद्ध इतर. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, विजय मर्चंट नाबाद २५०. इतरांचा पहिला डाव १३३वर आटोपला. दुसऱ्या डावात सगळ्या संघानं मिळून धावा केल्या ३८७, आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्यांचे भाऊ विवेक दुसऱ्या बाजूनं तग धरून उभे होते, त्यांच्या धावा २१. तरी इतर एका डावानं हरले. सामन्याचं हे वर्णन जेम्सला द्या, तो म्हणेल : बघा, मैदानावर एका समूहानं आपला मान कसा राखला! पण मला विचाराल तर हजारे कुठल्या समूहाचा मान राखत होते? 'उरलेल्यां'चा समूह असतो का? कोकणी ख्रिस्ती, कोचीचा ज्यू, मद्रासचा अँग्लो-इंडियन, यांना एकत्र आणणारी एकच गोष्ट होती, की ते दुसरे कुणी नव्हते. सांगलीचे हजारे आणि रत्नागिरीचा एखादा हिंदू फलंदाज यांच्यात भाषा एक, भाकरी एक, बोलण्यातला हेलही फार लांबचा नाही. पण मुंबईच्या या खेळानं त्यांना वेगळ्या तंबूत बसवलं.

आता दुसरं नाव, पाळवणकर बाळू. रामचंद्र गुहांच्या २००२ सालच्या पुस्तकामुळे ते अनेकांना नव्यानं माहीत झालं. जन्म १८७६च्या सुमाराचा, चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणं आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणं हे काम. डावखुरा फिरकी गोलंदाज. तासन् तास चेंडू टाकत, पण बॅट हाती मिळत नसे. पुण्यातल्या हिंदू मंडळींना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर ते ज्या चेंडूला हात लावत त्यालाच बाकीचे दहा जण हात लावत. चेंडू विटाळत नसे. पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं.

जेम्सशी माझं भांडण नेमकं इथे आहे. चेंडू आणि चहा. चेंडूला नियम आहे, पंच आहे, धावफलक आहे. चहाला यातलं काही नाही. नियमांच्या राज्यात बाळू समान होते. निवांतपणाच्या राज्यात, जिथे माणसं 'सहज' वागतात, तिथे सहजपणे त्यांना बाहेर ठेवलं गेलं. म्हणजे जेम्स म्हणतो त्याच्या नेमकं उलट. खेळाचा जो भाग कष्टासारखा, कामासारखा होता, तिथे माणूस मिसळला. जो खरा विरंगुळा होता तिथे नाही मिसळला.

१९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं. बाळूंचा त्यात मोठा वाटा. सुधारकी वृत्तपत्रांनी आनंद व्यक्त केला, की बघा, जातीच्या भिंतीला तडा गेला. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातून बाळूंनी ११४ बळी घेतले. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत, विठ्ठल, सगळे हिंदू संघात. पण कर्णधार? बाळू कधीच नाहीत. १९२०ला त्यांना संघातून वगळलं तेव्हा भावांनी निषेध म्हणून अंग काढून घेतलं, गाजावाजा झाला, आणि मग त्यांना उपकर्णधार केलं. शेवटी १९२३ला धाकटे विठ्ठल कर्णधार झाले. म्हणजे १९०६ला तडा गेलेल्या भिंतीतून एक माणूस पलीकडे जायला सतरा वर्षं लागली. ती माणसं चांगली खेळली म्हणून भिंत हलली, हे अर्धसत्य. ती खेळायला नाही म्हणाली तेव्हा हलली, हे उरलेलं अर्धं.

बाळूंच्या तरुण चाहत्यांत एक होते भीमराव आंबेडकर. पुढे १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर आंबेडकरांच्याच विरोधात उभे राहिले आणि पडले. इतिहास अशा खोड्या करतो. पण मला आंबेडकर हवे आहेत ते दुसऱ्या कारणासाठी. त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई. त्या परंपरेतला एक विचार आंबेडकरांनी १९३६च्या 'जातिनिर्मूलना'त वापरला आहे : पेशींच्या पडद्यातून जसा रस एकीकडून दुसरीकडे झिरपत राहतो, तसं समाजातल्या गटांमध्ये काही तरी सतत झिरपत राहिलं पाहिजे. समाज म्हणजे एका गावात शेजारीशेजारी राहणं नव्हे, एकसारख्या चालीरीती असणंही नव्हे. काही तरी सामाईक असावं लागतं. एकमेकांचे अनुभव पोचावे लागतात. या कसोटीवर चौरंगी, पंचरंगी सामने लावून पाहा. वीस-वीस हजार माणसं एका मैदानावर. टाळ्या एका वेळी. १९४४चा अंतिम सामना मुस्लिम संघानं हिंदूंविरुद्ध एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम शतक करून नाबाद राहिले. फार थोर सामना. पण झिरपलं काय?

इथे गांधीजी येतात. १९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी त्यांना वर्ध्याला भेटली. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे सामने बंद व्हावेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे माझी सहानुभूती आहे. कॉलेजांचे, संस्थांचे संघ मी समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, हे मला उमगत नाही. विरोधकांत 'बाँबे क्रॉनिकल'चे संपादक बरेलवी होते, समालोचक तल्यारखान होते. उलट बाजूचे म्हणत, अहो, ही खेळीमेळीची चुरस आहे, दंगली क्रिकेटमुळे होत नाहीत. १९४६ला हे सामने कायमचे थांबले.

मी गांधीजींच्या बाजूचा आहे, पण पूर्णपणे नाही. कॉलेजचा संघ चालेल म्हणता, तर १९४०च्या कॉलेजात कोण होतं? बाळूंची पोरं किती होती? नाव धर्माचं नसलं की दार उघडं असतं, असं नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पारशांनी आपला क्लब काढला तेव्हा गोऱ्यांनी त्यांच्यासाठी दार ठेवलं होतं का? शॅननच्या काळ्या शिक्षकांनी जायचं होतं कुठे? ज्याला हाकललं त्यानं आपली वेगळी ओसरी बांधली, तर त्याला तुम्ही फुटीर म्हणणार? अपमानितांचा क्लब आणि अपमान करणाऱ्यांचा क्लब, दोन्हींच्या पाट्या सारख्याच रंगवलेल्या दिसतात, पण त्यांना एका मापानं मोजणं अन्यायाचं आहे.

अडचण अशी की बहुतेक क्लब एकाच वेळी दोन्ही असतात. हिंदू जिमखाना गोऱ्यांकडून अपमानित, आणि बाळूंचा अपमान करणारा. मेपलचं तेच. जेम्सनं मेपल निवडलं त्याची सल त्याला म्हणूनच टोचते. त्यानं गोऱ्यांचा क्लब नाही निवडला, त्यानं मधली पायरी निवडली. वरच्यांनी नाकारलेली आणि खालच्यांना नाकारणारी. आपल्यातले बहुतेक जण कुठल्या तरी मधल्या पायरीवर उभे असतात आणि फक्त वर बघून तक्रार करतात.

जेम्सच्या पुस्तकातल्या दोन गैरहजेऱ्याही सांगायला हव्यात. पहिली, त्रिनिदादमधले भारतीय. १८४५पासून १९१७पर्यंत उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेले मजूर. त्या बेटाच्या लोकसंख्येतला हा फार मोठा हिस्सा, पण क्लबांच्या त्या प्रसिद्ध उतरंडीत त्यांना पायरीच नाही. ते ऊसमळ्यांत, शहराबाहेर. १९५०ला सनी रामाधीन आला आणि वेस्ट इंडिजकडून खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू ठरला. जेम्सनं पुढे १९६६ साली रोहन कन्हायवर एक सुंदर लेख लिहिला, म्हणजे उणीव त्याला जाणवली असावी. पण या पुस्तकात ते 'इतर'सुद्धा नाहीत.

दुसरी गैरहजेरी बायकांची. तुम्ही म्हणाल, त्या काळी क्रिकेटवरच्या पुस्तकात बायका कुठून येणार? पण एक येते ना. जेम्सची जुडिथ आत्या. मुलगा सुट्टीवर आला आहे, मित्रांबरोबर सामना खेळून परत येणार. ती सगळ्यांचं जेवण करते, वाढते, जरा बरं वाटत नाही म्हणते, टेबलावर डोकं टेकते आणि जाते. जेम्स हे कर्तव्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो, फार आदरानं. मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आमची आई आठवली, दिवाळीच्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी. आमचा सण तिच्या कामाचा दिवस असे. कुणाच्या फावल्या वेळाची किंमत कोण भरतं, एवढा साधा प्रश्न जेम्ससारख्या मार्क्सवाद्याला त्या पानावर पडू नये!

मग मिसळणं होतं तरी कुठे? एक उदाहरण मला सुचतं. मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याकडून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी. एका टोकाला विजय हजारे, २८८. दुसऱ्या टोकाला लाहोरचा गुल महंमद, ३१९. तारीख पाहा. पंजाब पेटला आहे, पाच महिन्यांत फाळणी आहे. आणि इथे दोन माणसं तासन् तास एकमेकांच्या हाकेवर धावताहेत. तीन वर्षांपूर्वी यातला एक 'इतर' होता आणि दुसरा 'मुस्लिम'. आता दोघे बडोदेकर. मला यावर गहिवरून बोलता आलं असतं, पण बोलणार नाही. कारण ते बडोदेकर झाले ते बंधुभावाच्या ओढीनं नव्हे. संस्थानिक गुणी खेळाडूंना पदरी ठेवत. पगाराचं नातं होतं. आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही खेळला.

कॉन्स्टन्टाइनची गोष्ट हीच. १९२९ला तो लँकेशरच्या नेल्सन या गिरणगावात व्यावसायिक खेळाडू म्हणून गेला. तिथल्या पुष्कळांनी काळा माणूस पूर्वी पाहिलेला नव्हता. तो तिथे राहिला, मुलीला तिथे वाढवलं. १९३२ला जेम्स इंग्लंडला आला आणि पुढे त्याच्याच घरी राहिला. नेल्सननं त्याला आपला मानलं, शेवटी त्याच्या उमरावपदाच्या नावातही नेल्सन आलं. आणि याच कॉन्स्टन्टाइनला १९४३ साली लंडनच्या एका हॉटेलनं रंगामुळे राहू दिलं नाही. त्यानं दावा लावला आणि जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. नेल्सनमध्ये रोजचा सहवास होता. लंडनला होती ती नुसती कीर्ती. कीर्तीनं आपलेपण मिळत नाही, हे त्याला हॉटेलच्या काउंटरवर कळलं.

आता घरची गोष्ट सांगतो. आमचा सकाळचा कट्टा आहे. बागेत तीन फेऱ्या, मग बाकांवर गप्पा. चौदा जण. जेम्स वाचून झाल्यावर एके दिवशी मी मनातल्या मनात आडनावं मोजली. तुम्ही ओळखलंच असेल. चौदातली तेरा एकाच जातीची, चौदावे त्यांचे व्याही. (हशा) कुणी नियम केला नाही. आमच्यातल्या कुणाला तुम्ही जातीयवादी म्हणालात तर तो मनापासून दुखावेल. त्याच बागेत एक निवृत्त गृहस्थ सहा वर्षं रोज फिरतात. रोज नमस्कार होतो, बसत कधी नाहीत. एकदा मी म्हटलं, "या की बसायला." ते म्हणाले, "सर, तुम्ही सगळे एकमेकांच्या शाळेतले. त्या मास्तरांची नक्कल केली की तुम्ही हसता. मी कुठून सुरू करू?"

मी सामाजिक न्यायावर तीस वर्षं तास घेतले आहेत. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दार उघडंच होतं हो. पण आत जी गोष्ट चालू होती ती अर्ध्यातून होती, आणि मागचं कुणी सांगत नव्हतं. जेम्सकडे परत गेलो ते यानंतर. त्याची ती मेपलबद्दलची दोन-तीन पानं तेव्हा मला खऱ्या अर्थानं वाचता आली.

मला वाटतं इथे थांबू. दोन प्रश्न घेतो.

(प्रश्न : परदेशातली महाराष्ट्र मंडळं, गणेशोत्सव, हे मग चूक म्हणायचं का?)

नाही, मुळीच नाही. लंडनचं मंडळ १९३२चं आहे. परक्या देशात दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत बोलून दमलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या भाषेत बसावंसं वाटलं, तर तो त्याचा हक्क आहे. ती त्याची शॅनन आहे. मी फक्त एवढंच विचारीन की त्या मंडळाच्या जेवणावळीत भारतातून कोण कोण आलं आहे आणि कोण आलेलं नाही, हे कुणी मोजलं का? तिथे अपमानितांची ओसरी आहे, आणि त्याच वेळी ती दुसऱ्या कुणासाठी मेपलही असेल. अमेरिकेतल्या एका मंडळात मी भाषण दिलं होतं, तिथे सगळे 'आपले' भेटले. जरा जास्तच आपले.

(प्रश्न : त्या बागेतल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?)

अजून फिरतात. मी आता दोन फेऱ्या त्यांच्याबरोबर मारतो. त्यांना बुद्धिबळ चांगलं येतं. एका बाकावर पट मांडतो, आठवड्यातून दोनदा, आणि बहुधा मीच हरतो. कट्ट्यावर ते आलेले नाहीत. कट्ट्यावरचे दोघे मात्र पट बघायला म्हणून येऊन उभे राहतात आणि त्यांना चुकीच्या खेळी सुचवतात. त्यावरून परवा चांगलं भांडण झालं.